रकाना पाचवा

महाप्याच्या साइटवर, गेट नंबर दोनला,
माझ्या रजिस्टरात पाच रकाने.
पाचव्यावर छापलंय: लेबर मूव्हमेंट.
खाली दोन घरं. आत. बाहेर.

पहिल्या रात्री मला हसू आलं.
सुपरवायझर म्हणाला, काका, काय झालं?
म्हटलं, काही नाही, जुनी ओळख निघाली.
माझ्यासारखाच त्यानंही गणवेश बदललाय.

वागळे इस्टेटला हा शब्द मराठी बोलायचा.
मोटारीच्या कारखान्यात, वाइंडिंग खात्यात,
तांब्याच्या तारेनं नखांच्या कडा हिरव्या व्हायच्या,
वार्निशचा वास भाकरीला लागायचा.
हिराजी मढवी, दिव्याचा, जमीन गेलेला,
त्याला ळ यायचा नाही. चलवल म्हणायचा.
मला ते आवडायचं. त्यात आधी ‘चल’ ऐकू यायचं.
सांगायचा, चलवल म्हंजे लोनच्याची बरनी रं,
रोज हलवाला लागतं,
नाय त वरच्या फोडींना बुरा येतं.

आईकडे हाच शब्द पोरांसाठी होता.
चळवळ्या मेला, एका जागी बूड टेकत नाही.
संपाच्या पाचव्या महिन्यात
तिनं त्याचा शेवट तोडला,
म्हणाली, चळ भरलाय तुम्हा सगळ्यांना.
बायको काही म्हणाली नाही.
तिनं फक्त विचारलं,
संप म्हणतात, मग संपत का नाही?

संपला.
मशिनं एका रात्रीत सिल्वासाच्या वाटेला लागली,
ताडपत्री बांधून, अकरा ट्रक.
त्याला त्यांनी शिफ्टिंग म्हटलं.
गेटाबाहेर विडी पेटवत हिराजी म्हणाला,
बघ, मशिनींची चलवल आपल्यापेक्षा फास.

आता इथं ढग साठवायची इमारत होतेय म्हणे.
तिला खिडक्या नाहीत.
सकाळी बशीतून उतरतात:
दुमक्याचा बिष्णू हेम्ब्रम, सळ्या बांधणारा,
पुसदची चंद्रकला राठोड, कडेवर पोर, डोक्यावर घमेलं.
मी लिहितो, आत १४२.
रात्री लिहितो, बाहेर १४२.
एकदाच १४१ भरले.
उरलेला अँब्युलन्समधून गेला,
तो ‘वाहने’ या रकान्यात धरला होता.

परवा मंगळवारी बशी आल्या,
माणसं उतरली, आणि गेटाच्या पिवळ्या रेषेशी
बसली.
सात आठवड्यांचा पगार थकलेला.
झेंडा नाही. घोषणा नाही.
कुणी तंबाखू मळत होतं, कुणी केस विंचरत होतं,
बिष्णूनं हेल्मेट उलटं करून त्यात चार केळी ठेवली होती.

साडेनवाला फोन वाजला.
काका, आजची मूव्हमेंट किती?
निल, साहेब.
निल म्हणजे?
म्हणजे कुणी हलत नाहीये.
पलीकडे बराच वेळ नुसता एसीचा आवाज.

खरं तर एक जण हलत होता.
चंद्रकलाचा दोन वर्षांचा,
बूमखालून आत, बूमखालून बाहेर,
चड्डीची नाडी लोंबत.
चळवळ्या आहे फार, ती म्हणाली,
आणि त्याला धरलं नाही.

पाच वर्षांखालचं मोजायचं नाही, असा नियम आहे.
मी पेनाचं टोपण काढलं.
आत ९, बाहेर ९.
दहाव्यांदा तो मध्येच थांबला,
रेषेवर फतकल मारून बसला,
नि मला कळेना कुठल्या घरात घालू.

माझाही पगार एजन्सीकडे अडकलाय,
दोन महिने.
हे मी कुणाला सांगितलं नव्हतं.
तेव्हाही सांगितलं नाही.
खुर्ची फक्त जराशी पुढे ओढली,
दोन पाय आत, दोन पाय बाहेर.
केबिनवर ऊन आलं होतं,
हेही एक कारण.